हसावे की भ्यावे? : पियानोवरील विद्रूपाविषयी थोडेसे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने पाश्चात्त्य संगीताच्या श्रवणाची एक संध्याकाळ योजली होती. ग्रंथालयावरच्या लहान सभागृहात आम्ही जेमतेम वीस जण जमलो होतो. त्यांतले निम्मे, खरे सांगायचे तर, नंतरच्या चहासाठी. सरांनी ध्वनिवर्धक जोडला, "आता फ्रान्झ लिस्टचा मेफिस्टो वॉल्ट्झ ऐका," एवढेच सांगितले आणि पियानो सुरू झाला. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मला हसू फुटले. ओढणी तोंडाशी धरली, खाली मान घातली, तरी ते आवरेना. पुढच्या बाकावरील एका गंभीर विद्यार्थ्याने मागे वळून माझ्याकडे असे पाहिले, की देवळात चपला घालून शिरल्यासारखे मला वाटले.

कार्यक्रम संपल्यावर मी सरांची क्षमा मागितली. सर म्हणाले, "हसलीस ते ठीक झाले. पण कशाला हसलीस, ते सांग." मला काही सांगता आले नाही. कारण त्याच संगीताने पुढे पाच-सात मिनिटांत माझ्या अंगावर काटाही आणला होता, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला बसवता येत नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे सरांच्या त्या प्रश्नाला वर्षभराने दिलेले उत्तर आहे. मी संगीताची विद्यार्थिनी नव्हे. मराठी विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते. लहानपणी हार्मोनियमवर बोटे फिरवली, तेवढीच काय ती पुंजी. तेव्हा जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

प्रथम शब्दाकडे वळू. युरोपीय कलाविचारात ज्याला 'ग्रोटेस्क' म्हणतात, त्याचा उगम मोठा गमतीदार आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोच्या राजवाड्याची जमिनीखाली गाडली गेलेली दालने सापडली. लोक त्यांत गुहेत उतरावे तसे उतरत. भिंतींवर चित्रे होती : माणसाच्या धडाला वेलीचे शेपूट, फुलातून निघालेले तोंड, पक्षी की पशू हे न कळणारे प्राणी. इटालियन भाषेत गुहेला 'ग्रोत्ता' म्हणतात, म्हणून ही चित्रे 'ग्रोटेस्क' ठरली. मराठीत याला चपखल शब्द मला सापडलेला नाही. 'बीभत्स' म्हटले की किळस येते पण हसू उरत नाही. 'हास्यास्पद' म्हटले की हसू येते पण भय उरत नाही. या लेखापुरता मी 'विद्रूप' हा शब्द वापरते. रूप बिघडलेले आहे, पण मूळचे रूप त्यात अजून ओळखू येते, आणि म्हणूनच आपण हसतो आणि दचकतोही, असा अर्थ वाचकांनी धरावा.

१८२७ साली व्हिक्टर ह्यूगोने आपल्या 'क्रॉमवेल' या नाटकाला एक दीर्घ प्रस्तावना लिहिली. उदात्त आणि विद्रूप ही दोन्ही जीवनात शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा नव्या कलेनेही त्यांना शेजारी बसवावे, असे त्याचे म्हणणे होते. पॅरिसमधील तरुण लेखक, चित्रकार आणि संगीतकार या विचाराने भारून गेले. लिस्ट त्यांच्यातलाच एक.

आपल्याकडील रसविचार येथे मला फार उपयोगी पडला. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त कोणत्या रसाचा कोणत्या रसाशी विरोध, हे सांगितले आहे. त्यात हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हे दोन रस येतात. म्हणजे आपल्या शास्त्रकारांनी ज्यांना एका पंगतीत बसवू नये म्हटले, त्यांनाच एका ताटात वाढणे हा विद्रूपाचा उद्योग आहे. दुसरीकडे भरताने 'नाट्यशास्त्रा'त शृंगाराची जी अनुकृती, म्हणजे नक्कल, तेच हास्य, असे म्हटले आहे. हे वचन मी परीक्षेसाठी पाठ केले होते; त्याचा अर्थ मला लिस्टचा पियानो ऐकताना कळला, हे कबूल केले पाहिजे. ते कसे, हे पुढे येईल.

आता पॅरिसला जाऊ. १८३२ साली त्या शहरात पटकीची भयंकर साथ आली आणि सुमारे अठरा हजार माणसे दगावली. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात साथग्रस्तांच्या मदतीसाठी निकोलो पागानीनी या व्हायोलिनवादकाची मैफल झाली. पागानीनी हडकुळा, फिकट चेहऱ्याचा. माणसाच्या बोटांना हे शक्य नाही, याने सैतानाला आत्मा विकला असला पाहिजे, असे लोक उघड बोलत. त्या मैफलीला वीस वर्षांचा लिस्ट हजर होता. पागानीनीने व्हायोलिनचे जे केले ते आपण पियानोचे करावयाचे, असा ध्यास त्याने घेतला. पुढील काळात तो रोज तासन् तास बोटांची मेहनत करीत असे. बाहेर प्रेतांच्या गाड्या, आत सैतानी वादन आणि त्यापुढे टाळ्या वाजवणारी माणसे. विद्रूपाचा पहिला धडा लिस्टला तेथेच मिळाला असावा, असे मला वाटते.

परंतु व्हायोलिन आणि पियानो यांत एक मूलभूत भेद आहे. व्हायोलिनवर मींड घेता येते. सूर ओढता, वाकवता, रडवता येतो. पियानोवर हे काही नाही. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आदळते, सूर उमटतो आणि लगेच विरू लागतो. एकदा आघात झाला की वादकाला त्या सुराची उंची तसूभरही हलवता येत नाही. म्हणजे पियानो हे मुळात एक यंत्र आहे, आणि ते जिवंत आवाजाची नक्कल करून दाखवते. १८२१ साली सेबास्तियाँ एरार या कारागिराने या यंत्रात एक महत्त्वाची सुधारणा केली. पूर्वी पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा मारता येत नसे. एरारच्या रचनेत हातोडी परत येताना वाटेतच अडवून धरली जाते, आणि पट्टी अर्धवट वर आली तरी पुढचा आघात करता येतो. त्यामुळे एकच सूर दातांवर दात वाजावेत तसा वेगाने वाजवणे शक्य झाले. थंडीने कुडकुडणे, भीतीने थरथरणे आणि खदाखदा हसणे, या तिन्हींत हेच जलद पुनरावर्तन नाही काय?

'मेफिस्टो वॉल्ट्झ' लिस्टने १८५९ ते १८६२ या काळात रचला. प्रसंग लेनाउ या कवीच्या 'फाउस्ट' काव्यातला आहे. फाउस्ट आणि त्याला नादी लावणारा मेफिस्टोफेलीस एका खेड्यातल्या खाणावळीपाशी येतात. आत लग्नाचा नाच चालला आहे, पण वाजवणारे सुस्तावलेले आहेत. मेफिस्टोफेलीस एकाच्या हातून व्हायोलिन हिसकावून घेतो आणि असे काही वाजवतो की सारी खाणावळ बेभान होते. लिस्टचा पियानो सुरू होतो तो व्हायोलिनच्या तारा जुळवण्याच्या नकलेने! षड्ज-पंचमाच्या जोड्या एकीवर एक चढत जातात, आघात वाढतात, सूर एकमेकांना घासतात. ज्या वाद्याच्या तारा वाजवणाऱ्याला जुळवाव्याच लागत नाहीत, ते वाद्य तारा जुळवण्याचे सोंग करते. मला हसू फुटले ते येथे. एखादा पेटीवाला गंभीर चेहऱ्याने तंबोरा लावण्याची नक्कल करू लागला, तर आपण हसणार नाही काय?

पण सोंग संपत नाही. ते वाढत जाते. मध्ये एक लाडिक, लचकणारी प्रेमाची धून येते. प्रथम ती खरीच वाटते. मग हळूहळू तिचा वेग वाढतो, तिला झटके येऊ लागतात, उजवा हात पट्ट्यांवरून दूर दूर उड्या मारू लागतो, आणि प्रेम कोठे संपले व पिशाच्चनृत्य कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. शृंगाराची अनुकृती ती हीच. मात्र भरताला त्यातून हास्य उपजताना दिसले. लिस्टने त्या हास्याच्या पाठीमागून भय आत आणले.

ही युक्ती लिस्टने एकट्याने शोधली असे नव्हे. त्याचा मित्र एक्तोर बर्लिओझ याच्या १८३० सालच्या 'सिंफनी फँटास्टिक'मध्ये नायकाच्या मनात घोळणारी प्रेयसीची धून शेवटच्या भागात चेटकिणींच्या मेळ्यात येते. तेथे तिचे सारे सौंदर्य गळून पडलेले असते. ती किरट्या आवाजात, उडत्या, बाजारू चालीवर नाचते. हे संपूर्ण वाद्यवृंदीय काव्य लिस्टने १८३३ साली एकट्या पियानोसाठी उतरवून घेतले. पुढे १८५४ साली त्याने स्वतःची 'फाउस्ट सिंफनी' लिहिली. त्यातल्या मेफिस्टोफेलीसच्या भागाला स्वतःची अशी मुख्य चालच जवळजवळ नाही. फाउस्टच्याच चाली घेऊन तो त्यांची टर उडवतो. फक्त ग्रेचेन या निरागस मुलीच्या चालीला त्याला हात लावता येत नाही. ती येते तशीच, न बिघडता. सैतानाला निर्मिती करता येत नाही, फक्त वेडावून दाखवता येते, हा केवढा मोठा विचार लिस्टने शब्दांवाचून सांगितला आहे!

विद्रूपाचे दुसरे मोठे उदाहरण 'टोटेनटान्झ', म्हणजे मृत्युनृत्य. पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी असलेली ही रचना लिस्टने १८४९ साली पूर्ण केली, पुढे ती सुधारली, आणि १८६५ साली हेग शहरात हान्स फॉन ब्यूलोव याने ती प्रथम वाजवली. पिसा येथील दफनभूमीच्या भिंतीवरील 'मृत्यूचा विजय' हे चित्र पाहून ती सुचली असे सांगतात. त्या चित्रात शिकारीला निघालेले उंची पोशाखातले स्वार उघड्या शवपेट्यांसमोर येऊन थबकतात, आणि त्यांतला एक दुर्गंधीने नाक दाबून धरतो. मृत्यूपुढे नाक दाबणे! तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात हा तपशील कधी सापडला नसता.

'टोटेनटान्झ'चा पाया एक मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र आहे : 'डीएस ईरे', अर्थात 'क्रोधाचा दिवस'. ख्रिस्ती अंत्यविधीत ते शतकानुशतके गाइले जात असे. आपल्या स्वरांत सांगायचे तर त्याचे पहिले चार सूर म्हणजे कोमल गांधार, ऋषभ, पुन्हा कोमल गांधार आणि षड्ज. इतके साधे, की लहान मुलानेही गुणगुणावे. लिस्ट त्या चार सुरांना काय काय करायला लावतो! प्रारंभी पियानोच्या खालच्या सप्तकांत घणाचे घाव पडतात. मग तीच चाल प्रार्थनेसारखी हळुवार होते. मग एकाच सुराच्या जलद आघातांनी हाडांच्या सांगाड्यासारखी खडखडते. मग बोटे पट्ट्यांवरून घसरत जातात आणि ती घसरगुंडी खेळते. गांभीर्याची परमावधी असलेले स्तोत्र नाचू लागते, आणि ऐकणारा पाय आवरून बसतो.

तिसरे नाव कमी परिचित आहे : शार्ल-व्हालँतँ आल्काँ. जन्म १८१३, मृत्यू १८८८. पॅरिसचा ज्यू पियानोवादक. आयुष्यातली अनेक वर्षे त्याने जवळजवळ एकांतात काढली. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बारा अभ्यासरचनांतली शेवटची म्हणजे 'इसापची मेजवानी'. इसापची ती गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. धनी म्हणतो, जगातले उत्तम ते रांध. इसाप जिभा रांधतो. धनी म्हणतो, आता अधम ते रांध. इसाप पुन्हा जिभाच वाढतो. आल्काँ एक आठ मात्राखंडांची छोटी, काहीशी ताठर चाल घेतो आणि तिच्यावर पंचवीस रूपांतरे करतो. एकात घंटा किणकिणतात, एकात शिकारीची शिंगे वाजतात, आणि एका ठिकाणी वादकाला चक्क 'भुंकत' वाजवण्याची सूचना लिहिली आहे. तीच जीभ, तीच चाल. कधी गोड, कधी ओंगळ. पियानोसमोर बसलेला सुसंस्कृत गृहस्थ दोन्ही हातांनी कुत्र्यासारखा भुंकतो, हे ऐकून हसू येते. पण त्या हातांचा वेग आणि ताण पाहिला की ते हसू घशात अडकते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. हे सारे सर्कशीतल्या कसरतीसारखे नव्हे काय? अवघड वाजवून लोकांना थक्क करणे म्हणजे कला काय? माझे म्हणणे असे की, इतरत्र हा आक्षेप पुष्कळदा खरा ठरेल. पण विद्रूपाच्या बाबतीत अवघडपणा हा वरून चढवलेला दागिना नसतो, तो अर्थाचाच भाग असतो. मेफिस्टोच्या उड्या सोप्या करून वाजवल्या तर स्वर कदाचित तेच राहतील, पण सैतान पळून जाईल. माणसाचे दोन हात त्यांच्या मर्यादेपलीकडे ओढले जात आहेत, मनुष्य यंत्र बनत आहे आणि यंत्र मनुष्याची नक्कल करीत आहे, हे ऐकणाऱ्याला जाणवले पाहिजे. वादक चुकेल की काय, ही आपली धास्ती आणि चुकला नाही म्हणून सुटणारे आपले हसू, ही दोन्ही त्या रचनेतच लिहिलेली आहेत.

लिस्टला स्वतःला मात्र या वाटेचे भय वाटत असावे. उतारवयात, १८८१-८२ च्या सुमारास, त्याने 'चार्दाश मकाब्र' नावाचा एक मृत्युनाच रचला. त्यात कसरत कमी आहे. ओसाड पंचमांची रांगच्या रांग चालत जाते. असले काही लिहावे काय, ऐकावे काय, असा प्रश्न त्याने हस्तलिखितावरच लिहून ठेवला. ताण आता हातांवरून कानांवर गेला होता.

ही परंपरा तेथे संपली नाही. १९०८ साली मॉरिस रावेलने 'गास्पार द ला न्वी' ही तीन भागांची रचना केली. तिच्यातला 'स्कार्बो' हा रात्री खोलीत गिरक्या घेणारा, क्षणात मनोऱ्याएवढा वाढणारा आणि क्षणात विझून जाणारा खुजा. त्याची चाहूल लागते ती पुन्हा एकाच सुराच्या थरथरीतून. एरारच्या हातोडीचीच ही करामत. आणि मुंबईशी नाते सांगणारा एक धागाही येथे आहे. कैखुश्रू शापुरजी सोराबजी (१८९२–१९८८) हा संगीतकार जन्मला आणि राहिला इंग्लंडात, पण त्याचे वडील मुंबईच्या पारशी घराण्यातले स्थापत्य अभियंते होते. लिस्ट आणि आल्काँ हे त्याचे आवडते. १९४८-४९ साली त्याने त्याच 'डीएस ईरे'वर सत्तावीस रूपांतरांची प्रचंड रचना केली. २०२० साली तिचे संपूर्ण ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, ते आठ तासांहून अधिक चालते!

शेवटी शोपँकडे येते, कारण माझे उत्तर मला त्याच्यापाशी मिळाले. शोपँ म्हणजे नाजूक, हळवा, अशी आपली समजूत. पण १८३९ साली पूर्ण केलेल्या त्याच्या सोनाटात प्रसिद्ध अंत्ययात्रेच्या संथ चालीनंतर एक विलक्षण शेवटचा भाग आहे. पंचाहत्तर मात्राखंड, वाजायला दीड मिनिट. दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने नेमके तेच सूर, अतिशय वेगाने, दबक्या आवाजात वाजवतात. ना धड चाल, ना साथीचे सूर. अखेरीस एक मोठा आघात आणि सारे संपते. शूमानसारख्या सहृदय समीक्षकालाही हे संगीताऐवजी थट्टाच वाटली. शोपँने मात्र एका पत्रात मित्राला सहज लिहिले आहे की, अंत्ययात्रेनंतर डावा आणि उजवा हात मिळून कुजबुजत गप्पा मारतात.

हे वाचले आणि मला माझे आजोबा आठवले. मी दहा वर्षांची होते. आजोबा नव्वदीचे, पणतवंडे पाहिलेले. म्हणून गावाने त्यांना बँड लावून नेले. बँडवाल्यांना दुःखाच्या चाली येत नव्हत्या. त्यांनी लग्नातलीच एक चाल संथ करून वाजवली, आणि तुतारीसारख्या त्या वाद्यातून मधूनच फुसका आवाज निघे. ओसरीवर उभी असलेली मी हसले. काकूने दंडाला असा चिमटा काढला की त्याचा काळानिळा डाग आठवडाभर होता. संध्याकाळी सारे परतल्यावर पडवीत बायका पिठलेभाताची तयारी करीत हलक्या आवाजात बोलत होत्या : कोण आले, कोण आले नाही, भात किती लागेल. त्यांत काकूही होती, आणि कशावरून तरी तिलाही हसू आले. मग ती पदर तोंडाला लावून रडू लागली. दोन्हींत अंतर किती होते, मला कळले नाही.

इतकी वर्षे मी ते हसू माझा अपराध म्हणून मनात ठेवले होते. माझे आजोबांवर प्रेम नव्हते असा त्याचा अर्थ होतो काय, या प्रश्नाने मी लहानपणी रात्रीच्या रात्री जागून काढल्या आहेत. आता मला वाटते, तो अपराध नव्हता. मृत्यू इतका मोठा आणि बँड इतका बेसूर, ही दोन्ही एकाच वेळी खरी होती, आणि दहा वर्षांच्या मुलीने दोन्ही ऐकली. लिस्ट, बर्लिओझ, आल्काँ आणि शोपँ यांनी तेच ऐकले आणि ते लिहून ठेवण्याचे धैर्य दाखवले, एवढेच.

तेव्हा सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. मी हसले, कारण यंत्र माणसाचे सोंग करीत होते. मग मी भ्याले, कारण ते सोंग हुबेहूब वठले. ऐकताना कोणी हसले तर त्याला मागे वळून दटावू नये, एवढी माझी विनंती आहे. तो तेथेच बसून राहिला तर पुढचे भय त्याचे त्यालाच भेटेल.